सवाशिणीचा डोह

सोलापूरची माणसं आमच्या दरीला हौसेनं यायची. बार्शीच्या अंगाला, जिथं काळ्या रानाचं सपाट संपून बालाघाटाचे डोंगर सुरू होतात, तिथं छोट्या गाडीच्या एका स्टेशनावर उतरायचं आणि पुढं बैलगाडी करायची. लांबून बघणाऱ्याला तिथं दरी आहे हे कळतसुद्धा नाही. कुसळी गवताचा माळ नुसता चालत राहतो, आणि एका जागी पायाखालची जमीनच संपते. खाली सीताफळीचं बन, धावडा, पळस, मधून वाहणारा ओढा. ओढ्याच्या वरच्या तोंडाला महादेवाचं देऊळ, देवळामागं कडा, आणि श्रावणात त्या कड्यावरून पडणारं पाणी. पाणी पडतं तिथं डोह. वरचा माळ मोगलाईत आणि खालचं देऊळ इंग्रजी मुलखात, त्यामुळं ओढा मोगलाईतून इंग्रजीत उडी मारतो असं वकील लोक हसून म्हणायचे.

मी त्या देवळाच्या गुरवाची मुलगी. आप्पा देवाची पूजा करायचे, बेल-फुलं पुरवायचे, आणि आम्ही सगळे मिळून पळसाच्या पानांच्या पत्रावळी लावायचो. दरीत आमचं घर एकटंच. गाव खालच्या अंगाला, हाकेच्या पलीकडं. धनगरांची मेंढरं उन्हाळ्यात डोहावर पाण्याला यायची, तेवढीच काय ती वर्दळ. पाहुण्यांना जी दरी गार, हिरवी, मोरांची वाटायची, ती आम्हाला लाकूड, पानं आणि पाणी वाहून नेण्याची चढण वाटायची. आईचे गुडघे त्या चढणीनंच गेले.

पाहुण्यांना गोष्टी लागतात. आप्पा सांगायचे. तीन काळे धोंडे पांडवांची चूल, खडकातले खळगे नंदीच्या खुरांचे, आणि कड्याच्या पोटातली कपार म्हणजे कुणा ऋषीची गुहा. या गोष्टी आप्पांना त्यांच्या वडलांनी सांगितलेल्या होत्या आणि त्यांत कुणाचं काही जात नव्हतं. पण शेवटी जी गोष्ट सांगितली जायची, जिच्यासाठी बायका सोलापूर, अक्कलकोट, पार तिकडं कानडी मुलखातून यायला लागल्या, ती माझ्या थोरल्या बहिणीची होती.

अक्का माझ्याहून बरीच मोठी. तिचं लग्न मोहोळकडच्या एका गुरवाच्या घरी झालं तेव्हा मी आईच्या कडेवर होते, असं म्हणतात. मला आठवते ती दिवाळी-पंचमीला माहेरी येणारी अक्का. उंच, हडकुळी, हसताना तोंडावर पदर धरणारी. पत्रावळ लावायला बसली की तिची बोटं दिसायची नाहीत इतकी भराभर चालायची. मग एका वर्षी ती पंचमीला आली आणि परत न्यायला कुणी आलंच नाही.

तिच्या ओठाच्या कोपऱ्यावर पांढरा डाग आला होता. मग दोन्ही हातांच्या बोटांवर आले. सासरचं घर देवाचं. नैवेद्य, तीर्थ, फुलं, सगळं हातानंच करायचं. सासूनं आधी तिला चुलीपासून दूर केलं, मग विहिरीपासून, आणि शेवटी पंचमीचं निमित्त करून गाडीत बसवून दिलं. नवरा सोबतीला आला तो स्टेशनापर्यंत. तिथूनच मागं फिरला.

सासरचीच माणसं वाईट, एवढं सांगून मला थांबता आलं असतं तर बरं झालं असतं. पण आमच्याकडंही तेच झालं. आप्पा तिला कधी वाईट शब्द बोलले नाहीत, मात्र देवळाच्या कुंडावरून पाणी आणू नको म्हणाले. गावात कुणीतरी विचारलं होतं, पत्रावळी कोण लावतं म्हणून. तेव्हापासून अक्का पानं तोडून आणायची आणि लावायचो आम्ही. ती ओसरीच्या टोकाला बसून आमचे हात बघायची. एकदा मी काडी चुकीची टोचली तर तिनं सवयीनं हात पुढं केला आणि लगेच मागं घेतला. आई तेव्हा घरात उठून गेली.

चांगली पानं मिळतात ती कड्याच्या वरच्या अंगाला. रोज सकाळी अक्का पाटी घेऊन एकटीच वर चढायची. मला वाटतं, वर तिला बरं वाटत असावं. तिथं तिला कुणी बघत नव्हतं. उन्हं चढायच्या आत पाटी भरून यायची, आणि कधी कधी पदरात माझ्यासाठी बोरं असायची. ती बोरं मी खायची. मला कुणी मनाई केली नव्हती, किंवा कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

अशी दोन वर्षं गेली. मग भाद्रपदात आप्पा मोहोळला गेले, जावयाची समजूत घालायला. परत आले ते न जेवता ओसरीवर बसले आणि आईला हळू आवाजात म्हणाले की तिकडं दुसरी सोयरीक ठरली, दिवाळी झाली की लग्न. अक्का आत तांदूळ निवडत होती. आमचं घर केवढं, आत काय ऐकू जायचं राहिलं. तिनं तांदूळ निवडून संपवले, सूप जागेवर ठेवलं.

दुसऱ्या दिवशी ती पानांना गेली आणि आली नाही. डोहात सापडली. पाटी वर कड्यावर होती, पानांनी भरलेली. पाय घसरला की तिनं टाकला, हे कुणी बघितलेलं नाही. आप्पा सगळ्यांना घसरला म्हणूनच सांगत आले. भरलेली पाटी त्यांच्या बाजूनं साक्ष देत होती, आणि आदल्या दिवसाचं बोलणं विरुद्ध बाजूनं. मला विचाराल तर मला माहीत नाही. आईला मात्र माहीत होतं असं मला तिच्या तोंडाकडं बघून वाटायचं.

त्यानंतर दरी ओसाड पडली. गावात बोलणं निघालं की गुरवाची पोर डोहात हडळ होऊन बसली आहे. धनगरांनी मेंढरं दुसरीकडच्या पाण्यावर न्यायला सुरुवात केली. बायका सोमवारी देवळाला येईनात. श्रावणातली जत्रा भरली ती नावापुरती. लहान पोरं कड्याखाली येऊन आमच्या घराकडं बघत उभी राहायची आणि आई बाहेर आली की पळून जायची. आई दर अमावास्येला डोहाकाठच्या खडकावर हिरव्या बांगड्या ठेवून यायची. नवऱ्याच्या आधी मेली म्हणजे सवाष्णच मेली, असं तिचं म्हणणं. आप्पांना ते आवडत नव्हतं, पण ते अडवत नव्हते.

त्या बांगड्यांनीच पुढचं सगळं घडवलं. एका पावसाळ्यात सोलापूरचे एक गृहस्थ आले. पेशानं वकील, डोक्याला हॅट, बरोबर कॅमेरा. डोंगर-दऱ्या बघत हिंडायचं आणि वर्तमानपत्रात त्यावर लिहायचं, असा त्यांचा छंद. आप्पांनी पांडवांची चूल दाखवली, नंदीचे खूर दाखवले. गृहस्थांनी मान डोलावली. मग त्यांना खडकावर बांगड्यांचा ढीग दिसला. हे काय, असं त्यांनी विचारलं. मी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. आप्पांनी बांगड्यांकडं बघितलं. मग म्हणाले की इथं एक सती बाई झाली.

किती वर्षं झाली, असं गृहस्थांनी विचारलं.

"लई वर्सं," आप्पा म्हणाले. "माज्या आज्याच्याबी आदीची गोष्ट."

मी तांब्या तिथंच ठेवून घरात गेले. पुढचं मी ऐकलं नाही, पण पुढं इतक्यांदा ऐकलं की पाठ झालं. एका तरुण सवाशिणीचा नवरा लढाईवर गेला. ती रोज कड्यावर उभी राहून त्याची वाट बघायची. कुणा दुष्टानं तो मेल्याची खोटी बातमी आणली. वैधव्य नको म्हणून तिनं कड्यावरून उडी घेतली, आणि त्याच वेळी नवरा दरीच्या तोंडाशी घोड्यावरून येत होता. तिच्या अंगाची हळद पाण्यात उतरली म्हणून श्रावणात डोह पिवळा होतो. तिला हिरव्या बांगड्या वाहिल्या की कुंकू अखंड राहतं, मूल जगतं. डोह पिवळा होतो तो वरच्या माळाची पिवळी माती वाहून येते म्हणून, हे दरीतल्या शेळ्या राखणाऱ्यांनाही ठाऊक होतं. यातलं किती आप्पांनी सांगितलं आणि किती वकिलांनी लिहिताना घातलं, ते त्या दोघांनाच ठाऊक.

पुढच्या श्रावणात गाड्यांची रांग लागली. गिरणीतले लोक सुट्टीला बायका-पोरांसकट आले. हातमागवाल्यांच्या घरच्या तेलुगू बोलणाऱ्या बायका आल्या, शाळामास्तर पोरांना घेऊन आले. बांगड्यांचं दुकान लागलं, भज्यांचं लागलं. धनगरांची मेंढरं परत डोहावर आली. गावातल्या ज्या बायका आमच्या दारावरून जाताना पदर सावरून दूर व्हायच्या, त्या ओटीचे खण घेऊन आल्या आणि आईलाच विचारायला लागल्या की वाहायची रीत कशी. आई म्हणायची, गुरवाला विचारा.

आईनं त्या वर्षापासून खडकावर जाणं बंद केलं. आप्पांशी तिचं बोलणं कामापुरतं राहिलं. भांडण असं झालं नाही. तिनं एवढंच विचारलं होतं की माझ्या लेकीला तुम्ही कुणाची वाट बघायला लावली. 

मग माझं लग्न झालं आणि मी सोलापुरात आले. माझे यजमान गिरणीत सूत खात्यात होते. लग्नाआधी सासूबाईंनी माझे हात उजेडात धरून दोन्ही बाजूंनी बघितले होते, ओठही बघितले होते. तेव्हा मला राग आला नाही, भीती वाटली. राग पुष्कळ उशिरा आला.

सोलापुरात मार्शल लॉ लागला त्याच्या आदल्या श्रावणात मी पंचमीला माहेरी गेले होते. सोमवार होता. दरीत माणूस मावत नव्हतं. आप्पा गाभाऱ्यात, मी आणि आई देवळाच्या पडवीत पत्रावळींचे गठ्ठे बांधत बसलेलो. आई मधेच थांबली. मी वर बघितलं. पायऱ्यांशी अक्काचा नवरा उभा होता.

अंगानं भरला होता, कानशिलावर केस पांढरे झाले होते, पण ओळखू न येण्यासारखं काही नव्हतं. त्याच्याबरोबर त्याची दुसरी बायको. हातात हिरव्या बांगड्या, खण, नारळ. तो आमच्याकडं न बघता सरळ गाभाऱ्याकडं गेला. आप्पांनी त्याला बघितलं. मी दाराच्या चौकटीतून बघत होते. आप्पांचा हात तांब्यावर थांबला, आणि मागच्या रांगेतून कुणीतरी पुढं सरका म्हणून ओरडलं. मग त्यांनी पळी भरली आणि त्याच्या ओंजळीत तीर्थ घातलं. त्यानं ते प्यायलं, हात डोक्यावरून फिरवला.

ती बाई बाहेर आमच्यापाशी आली. माझ्याच वयाची असेल, फार तर थोडी मोठी. चेहरा उतरलेला. सवाशिणीची ओटी कुठं भरायची, असं तिनं आईला विचारलं. तिच्या गळ्यात काळ्या दोऱ्यात चांदीचा छोटा टाक होता, त्यावर बाईची ओबडधोबड आकृती. दुसरेपणावर दिलेल्या बायका मेलेल्या सवतीचा टाक असा गळ्यात घालतात, जेवायच्या आधी तिला घास दाखवतात, म्हणजे ती त्रास देत नाही अशी समजूत. आई त्या टाकाकडं बघत राहिली. मग तिनं हात पुढं करून तो दोन बोटांत धरला. ती बाई दचकली, पण मागं झाली नाही.

"ही कोन?" आईनं विचारलं.

"थोरली," ती म्हणाली. "ह्यांची पयली."

"हिला रोज निवद दावता?"

"व्हय. हिला दावल्याबिगर घरात कुनी जेवत न्हाय. सासूबाईबी न्हाय."

आई टाक सोडेना. "ती जित्ती हुती तवा तिच्या हातचं पानी चालत नव्हतं की तुमच्या सासूला," ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता, पण आजूबाजूच्या दोघी-तिघी वळून बघायला लागल्या. "माजी लेक हाय ही. कुनाची वाट न्हाय बघितली तिनं. पानं आनाय गेलती."

मला वाटलं, ती बाई रडेल किंवा निघून जाईल. ती म्हणाली, "मला ठावं हाय, आई. लगीन झालं त्याच वर्सी शेजारनीनं सांगितलं. माजी दोन गेली. तिसरं पोटात हाय. ती माज्यावर रागावली असंल तर तिला सांगा की, मी न्हाय तिला काढलं. मला तर कुनी इचारलंबी न्हवतं."

आईनं टाक सोडला. बराच वेळ ती त्या बाईच्या पोटाकडं बघत होती. मग मला म्हणाली, हिला खडकापाशी ने. मी नेलं. तिनं बांगड्या ठेवल्या, ओटी भरली, कपाळ टेकून कितीतरी वेळ तशीच राहिली. तिच्या मागं रांग खोळंबली. अक्काचा नवरा लांब एका सीताफळीखाली उभा होता आणि टोपी काढून घाम पुसत होता. तो डोहाच्या जवळ आला नाही. मी त्याच्याकडं बघत होते, त्यानं एकदा बघितलं आणि नजर काढून घेतली. त्याला काही बोलावं असं फार वाटलं. पण सोबतची बाई हात धरून उठवायला सांगत होती, तिला चक्कर येत होती, आणि मी तिला धरून वर आणली.

त्या दिवशी माणसं पांगल्यावर आप्पा आईवर संतापले. चारचौघांत ते बोलायची काय गरज होती म्हणाले. दोन बायका विचारत होत्या, म्हातारी काय म्हणते म्हणून. आई भाकरी थापत राहिली. मग मीच विचारलं, "आप्पा, खरं का नाही सांगत?"

ते माझ्याकडं वळले. लग्न झालेल्या मुलीवर ओरडणं बरं दिसत नाही म्हणून की काय, आवाज खाली आला.

"खरं सांगून बघितलंच की," ते म्हणाले. "दोन वर्सं खरंच सांगत हुतो, पाय घसरला म्हनून. लोकांनी तिला हडळ केलं. पोरं धोंडं मारायची डोहात. मी काय करू? ती देवी झाली तवा मारायचं थांबलं."

आईनं तव्यावरची भाकरी उलटली आणि म्हणाली, "दोन्हीत माजी पोर कुटं हाय?"

 आम्ही जेवलो.

त्या बाईला मुलगा झाला आणि जगला. पुढच्या वर्षी दंगलीच्या, मार्शल लॉच्या धसक्यानं सोलापूरचं कुणी फारसं आलं नाही, पण मोहोळहून ही दोघं आली. त्यानं नवसाची मोठी पितळी घंटा आणली होती. आप्पांनी ती देवळात टांगली. मुलगा जगल्याची गोष्ट सगळीकडं गेली आणि पाहुणे आणखी वाढले. माणसं त्या मुलाच्या बापाचं नाव घेऊन सांगायची की बघा, केवढा श्रद्धाळू. घंटा टांगली त्या दिवशी आई घराबाहेर आली नाही असं मला नंतर कळलं. त्या बाईनं मात्र घरात येऊन मूल आईच्या मांडीवर ठेवलं. आईनं ते घेतलं. का घेतलं, मला समजलं नाही, आणि मी तिथं असते तर घेऊ दिलं नसतं.

मला मुली झाल्या. त्यांना समज आल्यावर मी एकदा सासूबाईंना म्हटलं की पोरींना त्यांच्या मावशीची खरी गोष्ट सांगणार आहे. सासूबाई भल्या होत्या. त्यांनी माझे हात धरले आणि म्हणाल्या, घरात कोड होतं हे कळलं तर या पोरींना स्थळ मिळायचं नाही. तू सवाशिणीच्या दरीची लेक, हेच बरं आहे. आमच्या आळीत माझा मान होता तो यामुळंच. शेजारणी श्रावणात निघताना माझ्याकडं बांगड्या द्यायच्या, तुमच्या घरच्या देवीला वाहा म्हणायच्या. मी त्या घ्यायची. काही वाहिल्या, काही मुलींना घातल्या.

आई गेली ती उन्हाळ्यात, डोहात घोट्याइतकं पाणी होतं तेव्हा. मी पोचले तोवर सगळं आटपलं होतं. तिसऱ्या दिवशी राख सावडल्यावर भाऊबंद म्हणाले की रक्षा सवाशिणीच्या डोहातच सोडावी, आपल्या घरचं तीर्थ असताना दुसरीकडं कशाला. देवळाचा कारभार तेव्हा त्यांच्याकडं जात चालला होता. डोहाच्या कडेला पायऱ्या बांधायचं चाललं होतं, आणि सोलापूरहून एका रंगाऱ्याकडून पत्र्यावर सवाशिणीचं चित्र काढून आणलं होतं. गोरीपान, गुलाबी ओठांची, पुतळ्यांची माळ घातलेली बाई. आईच्या राखेचं गाडगं हातात घेऊन मी त्या चित्रासमोर उभी होते.

मी म्हटलं, डोहात सोडायची नाही. आईनं मला तसं बजावलं होतं, त्या पाण्यात मला घालू नका म्हणून. भाऊबंद म्हणाले, बाईमाणसानं यात बोलू नये, आणि लोक काय म्हणतील. मी गाडगं सोडलं नाही. वाद वाढला. शेवटी सगळे आप्पांकडं बघायला लागले, कारण निर्णय त्यांचाच.

आप्पा फार थकले होते.  उठले, गोठ्यात गेले, बैल सोडले आणि गाडी जुंपली. मला म्हणाले, बस. आम्ही दोघंच निघालो. सीना नदीला त्या दिवसांत पाणी कमीच होतं, वाळूतून चालत मधल्या धारेपर्यंत जावं लागलं. आप्पांनी गाडगं माझ्या हातातून घेतलं आणि सोडलं.  येताना स्टेशनाच्या फाट्यावर मी उतरले आणि ते दरीकडं वळले. सोमवार जवळ आला होता, पाहुणे यायचे होते.